रेडिएटरचा पंखा फिरत नाही? पार्ट बदलण्याआधी निदान विकायला शिका



व्हिडिओमध्ये पंखा फिरताना आणि न फिरताना दाखवणं सोपं असतं. पण कोणती तपासणी आधी, कोणती नंतर, मीटरवर किती आकडा आला म्हणजे काय समजायचं आणि या सगळ्याचे पैसे गिऱ्हाइकाकडे कसे मागायचे, हे लिहूनच नीट पोचतं. म्हणून हा लेख. ज्यांना सोलापुरात किंवा आसपासच्या तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान टाकायचंय, किंवा टाकलंय पण अजून हॉर्न आणि हेडलाइटच्या पुढे काम गेलेलं नाही, त्यांनी मल्टिमीटर शेजारी ठेवून वाचावा.

हाच विषय का निवडला? आपल्या गावाकडे बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. पुण्याहून हैदराबादला जाणारा ६५ नंबरचा महामार्ग आणि धुळ्याकडून विजयपूरकडे जाणारा ५२ नंबरचा महामार्ग सोलापुरातच भेटतात. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर. म्हणजे लांबून येणाऱ्या, माणसांनी आणि सामानाने भरलेल्या, एसी लावलेल्या गाड्या आपल्याकडे रोज येतात. त्या महामार्गावर ताशी ऐंशीने पळतात तोवर काही होत नाही. देवस्थानाच्या पार्किंगच्या रांगेत अर्धा तास मुंगीच्या पावलाने सरकल्या की बॉनेटमधून वाफ निघते. मग ड्रायव्हर फोन करतो, "अण्णा, गाडी उकळली, कोण आहे का जवळ?"

पळताना का नाही आणि थांबल्यावरच का? हे समजलं की अर्धं निदान झालं. गाडी वेगात असताना समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, पंख्याची फारशी गरज नसते. गाडी थांबली की वारा बंद, इंजिन मात्र चालूच. अशा वेळी रेडिएटर थंड ठेवायला एकटा पंखा असतो. तो फिरला नाही तर पाच-दहा मिनिटांत तापमान हाताबाहेर जातं.

आणि नुकसान पंख्यापुरतं राहत नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचं सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. जास्त तापलं की ते वाकतं, हेड गॅस्केट जातं, कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. मग हेड उतरवा, फेसिंग करा, गॅस्केट सेट टाका. फ्यूज काही रुपयांचा, रिले काही शेकड्यांत, आणि हे इंजिनकाम हजारांत. वर गाडी आठवडाभर उभी. टॅक्सीवाल्याची गाडी असेल तर त्या आठवड्याची कमाईही गेली आणि हप्ता तर थांबत नाही. पंख्याचं काम छोटं दिसतं, पण त्यावर कोणाचं तरी पोट असतं, हे डोक्यात ठेवून पुढे वाचा.

आधी विचारा, मग बॉनेट उघडा

नवीन मुलं काय करतात? गाडी आली की लगेच बॉनेट वर आणि हात आत. तसं करू नका. दोन मिनिटं बोला. गाडी कुठे गरम झाली, गर्दीत की हायवेवर? एसी चालू होता का? उभ्या गाडीत एसीची हवा गार येत होती का? कूलंट शेवटचं कधी टाकलं, आणि कूलंट टाकलं की बोअरचं पाणी? यापूर्वी या कामाला कोणी हात लावलाय का?

उत्तरांत बरंच असतं. "गर्दीत तापते, हायवेला लागलं की काटा खाली येतो" असं ऐकलं की संशय पंख्यावर. "तुळजापूरचा घाट चढताना तापते, उभी असताना ठीक" असं ऐकलं की पंखा बहुतेक निर्दोष. रेडिएटर आतून चोंदलाय, कूलंट कमी आहे, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही किंवा वॉटर पंप थकलाय, या बाजूला बघा. आणि "सिग्नलला उभं राहिलं की एसी गरम हवा फेकतो, गाडी निघाली की गार होतो" हे वाक्य तर सोन्यासारखं आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि बहुतेक छोट्या गाड्यांत दोघांना एकच पंखा असतो. इंजिन तापायच्या कितीतरी आधी एसी तक्रार करायला लागतो. गिऱ्हाईक मात्र गॅस भरायला एसीवाल्याकडे जातो.

यापूर्वी कोणी काम केलंय का, हा प्रश्न संकोच न करता विचारा. कारण तीन दुकानं फिरून आलेल्या गाडीत मूळ दोषाबरोबर तीन दुकानांचे जोडही असतात.

हात सांभाळा

हे थोडक्यात सांगतो, पण गंभीरपणे. गरम इंजिनच्या रेडिएटरची कॅप उघडायची नाही, म्हणजे नाही. आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो. पाणी शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं पण दाबामुळे उकळत नसतं. कॅप सैल केली की क्षणात उसळतं आणि तोंडावर येतं. वरचा होज पाइप हाताने दाबता येईल इतका नरम आणि कोमट होईपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनवर थंड पाण्याची बादली ओतणाऱ्या हौशी मंडळींनाही थांबवा, नाहीतर ब्लॉक किंवा हेडला तडा जाऊ शकतो.

दुसरं, काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. पंख्याजवळ बोटं घालण्याआधी त्याचा कपलर काढा. शर्टाची बाही, गळ्यातला टॉवेल, ओढणी, सगळं दूर.

पंखा हा साखळीतला शेवटचा

पंखा स्वतः काही ठरवत नाही. कूलंटचा सेन्सर तापमान कळवतो. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ते बघून ठरवतो. तो रिलेच्या छोट्या कॉइलला करंट देतो. रिले आतला मोठा संपर्क जोडतो. बॅटरीचा करंट फ्यूजमधून, रिलेमधून, कपलरमधून मोटारीत जातो आणि अर्थिंगमधून परत बॅटरीला येतो. यातली एक कडी तुटली तरी बाहेरून लक्षण एकच दिसतं: पंखा फिरत नाही. म्हणून "पंखा फिरत नाही, मोटार बदला" हे निदान नाही, तो जुगार आहे. साखळी मधोमध तोडून बघायची, म्हणजे दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते कळतं.

पहिली तपासणी फुकटची आहे. इंजिन चालू करा, एसी पूर्ण थंडवर लावा आणि थांबा. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर लागला की थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही? मग मोटार आणि तिच्यापर्यंतची मोठी वायर बहुधा शाबूत. सेन्सरच्या बाजूला चला. एसीवरही फिरत नाही? मग फ्यूज, रिले, कपलर, मोटार, अर्थिंग. एका बटणाने अर्धी यादी कमी झाली. पण एक बघा: काही गाड्यांत दोन पंखे असतात, किंवा एकाच पंख्याला कमी आणि जास्त असे दोन वेग असतात. कोणता फिरला, कोणत्या वेगाने फिरला, हे लिहून ठेवा.

दुसरी तपासणी मोटारीची. कपलर काढा. साधी दोन वायरची मोटार असेल तर बॅटरीवरून जाड वायरने थेट करंट द्या, पण मध्ये फ्यूज हवाच. पंख्याची मोटार साधारण दहा ते वीस-पंचवीस अँपिअर ओढते, त्यामुळे हेडफोनसारख्या बारीक वायरने हे करायला गेलात तर वायर हातात वितळेल. पंखा जोरात, आवाज न करता फिरला तर मोटार चांगली. अडखळत फिरला, खरखर आली, किंवा मोटारीच्या पाठीवर हलकं ठोकल्यावरच सुरू झाला तर आतले कार्बन ब्रश संपलेत. ठोकल्यावर चालणारी मोटार गिऱ्हाइकाला "चालू झाली" म्हणून परत देऊ नका. ती पुढच्या गर्दीत बंद पडणार आणि फोन तुम्हालाच येणार.

मोटारीला तीन-चार वायर असतील, किंवा पंख्याच्या चौकटीवर वेगळा कंट्रोल मॉड्यूल बसवलेला असेल, तर हा थेट करंटचा प्रयोग करू नका. अशा गाडीत वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी-जास्त होतो. चुकीच्या पिनवर बारा व्होल्ट दिले तर महागडा मॉड्यूल जाईल, आणि तो तुमच्या खिशातून भरावा लागेल. तिथे स्कॅनर लावा, त्यातून पंखा चालू करायची आज्ञा द्या.

मीटर बारा व्होल्ट दाखवतो, तरी पंखा फिरत नाही

इथेच बरीच मुलं अडकतात, म्हणून जरा थांबतो.

मोटार थेट दिल्यावर फिरली. आता कपलरमध्ये मीटर लावला, तो १२.४ दाखवतो. मुलगा म्हणतो, "सर, करंट येतोय, मोटार चांगली आहे, मग फिरत का नाही?" कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. पंधरा अँपिअर ओढायला लागलं की त्या एका तारेतून काहीच जात नाही. बारीक नळीतून थेंब थेंब पाणी येत असलं तरी बादली शेवटी भरतेच, पण त्या नळीवर आग विझत नाही. तसंच हे.

म्हणून मीटरबरोबर एक लोड बल्ब हवा. जुन्या हेडलाइटचा साठ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायर आणि क्लिपा लावा. तो पाचेक अँपिअर ओढतो. पंख्याच्या कपलरला तो लावा आणि पंख्याची आज्ञा द्या. लख्ख पेटला तर लाइन चांगली. मंद पेटला, तांबूस दिसला, तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

अडथळा कुठे, हे मीटर सांगतो, पण लोड चालू असताना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं पंख्याच्या प्लस वायरवर. पंखा चालू असताना हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. मग एक टोक पंख्याच्या मायनसवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर, इथे ०.२ व्होल्टच्या आत हवा. प्लसचा फरक दीड-दोन व्होल्ट आला तर फ्यूज बॉक्स, रिले, कपलर या एकेका टप्प्यावर मीटर सरकवत जा. जिथे आकडा उडी मारतो तिथे दोष. मायनसचा आला तर अर्थिंगचा बोल्ट उघडा, गंज घासा, परत कसा.

थोडं गणित करून बघा, म्हणजे कपलर का जळतात ते कळेल. पंधरा अँपिअर जाताहेत आणि सैल पिनमध्ये फक्त ०.१ ओहमचा रोध आहे. पंधरा गुणिले ०.१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्च. दीड गुणिले पंधरा म्हणजे साडेबावीस वॅटची उष्णता, नखाएवढ्या जागेत. छोटी सोल्डरिंग इस्त्रीच म्हणा ना. प्लॅस्टिक तपकिरी होतं, वितळतं, पिन आणखी सैल होते, उष्णता आणखी वाढते. असा कपलर दिसला की पक्कडीने दाबून परत लावू नका. नवीन कपलर वायरसकट मिळतो, तो नीट जोडून, स्लीव्ह चढवून द्या.

आमच्या एका बॅचमधल्या मुलाकडे अशीच एक गाडी आली होती. मालकाने तोवर दुसरीकडे रिले बदलली होती आणि मोटार दोनदा. पंखा फिरायचा, पण दमल्यासारखा. मुलाने मायनसचा फरक घेतला, तो अडीच व्होल्टच्या वर. बॉडीवर अर्थिंगचा बोल्ट होता, त्याच्याखाली डेंटिंग-पेंटिंगच्या वेळचा रंग राहिला होता. रंग घासला, बोल्ट कसला, काम झालं. पार्टचा खर्च शून्य. त्याने पैसे किती घ्यायला हवे होते, त्यावर खाली बोलू.

फ्यूज आणि रिले

फ्यूज डोळ्याने बघून पास करू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. फ्यूजच्या दोन्ही टोकांवर टेस्ट लॅम्प लावा. एका बाजूला पेटला, दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज गेला. फ्यूज सारखा जात असेल तर मोठ्या अँपिअरचा टाकायचा नाही, आणि तार गुंडाळायची तर मुळीच नाही. फ्यूज जातो कारण मोटार जड फिरतेय, बेअरिंग धरलंय, किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. फ्यूज निरोप देतोय, त्याचं तोंड बंद केलंत तर पुढचा निरोप जळक्या वायरिंगचा असेल.

साध्या रिलेवर चार पिना असतात. ८५ आणि ८६ कॉइलच्या, ३० ला बॅटरी, ८७ पंख्याकडे. कॉइलचा रोध बहुतेक पन्नास ते सव्वाशे ओहमच्या दरम्यान येतो. रिले 'टक' असा आवाज करते म्हणून ती चांगली, असं समजू नका. कॉइल चांगली असली तरी आतले संपर्क जळून काळे पडलेले असतात. गाडीतच त्याच नंबरची दुसरी रिले असते, बऱ्याचदा हॉर्नची. नंबर आणि पिना तंतोतंत जुळत असतील तर अदलाबदल करून बघा. दोन मिनिटांत निकाल.

आणि कमी वेगात पंखा अजिबात नाही, पण जास्त वेगात फिरतो, असं असेल तर? अनेक गाड्यांत कमी वेगासाठी एक रेझिस्टर असतो, तो जळतो. गिऱ्हाईक म्हणतो, "फिरतोय की, पण उशिरा आणि एकदम विमानासारखा." हे वाक्य ऐकलं की रेझिस्टर शोधा.

सेन्सर, आणि अडकलेली हवा

कूलंट सेन्सर गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. थंड असताना साधारण दोन-तीन हजार ओहम, नव्वदच्या आसपास दोन-तीनशे. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, पण दिशा तीच. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर मोबाइलला जोडलात तरी कूलंटचं तापमान दिसतं. थर्मोस्टॅट बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो आणि पंखा पंच्याण्णव-शंभरच्या आसपास सुरू होतो. स्कॅनर १०५ दाखवतोय आणि पंखा गप्प, तर ईसीयूला माहिती मिळतेय, दोष पुढे आहे. स्कॅनर ६० दाखवतोय आणि इन्फ्रारेड थर्मामीटर हेडजवळ १०० दाखवतोय, तर सेन्सर खोटं बोलतोय.

किंवा सेन्सरला कूलंट लागतच नाहीये! हे खूप वेळा होतं. कोणीतरी रेडिएटर बदलला, घाईत कूलंट भरलं, हवा काढली नाही. सेन्सरभोवती हवेचा फुगा राहिला. इंजिन उकळतंय आणि सेन्सर आपला आरामात. नवीन सेन्सर टाकूनही फरक पडणार नाही. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, नसेल तर इंजिन थंड असतानाच कॅप काढून इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा.

अनेक ईसीयूवाल्या गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की ईसीयू घाबरून पंखा पूर्ण वेगात लावतो. याचा चाचणीसाठी छान उपयोग होतो: पंखा लागला म्हणजे ईसीयूपासून मोटारीपर्यंतची सगळी साखळी ठीक. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत ईसीयूऐवजी थर्मो स्विच असायचा. त्याच्या दोन वायर एकमेकींना जोडल्या की पंखा फिरला पाहिजे. या गाड्या तालुक्याच्या ठिकाणी अजून आहेत, तेव्हा विसरू नका.

पंखा फिरतोय, तरी तापते

मोटार रिवाइंड करून आणली असेल तर आधी एक कागद घ्या आणि रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर धरा. इंजिनच्या पुढे रेडिएटर आणि मागे पंखा, अशा नेहमीच्या गाडीत पंखा हवा आत ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटायला हवा. कागद उडाला तर मोटारीच्या वायर उलट लागल्यात, पंखा समोरच्या वाऱ्याशी भांडतोय. कागदाचा खर्च किती, तुम्हीच सांगा.

पंख्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट तुटली किंवा कोणी काढून टाकली असेल तर पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता बाजूची हवा फिरवत बसतो. आणि जाळी बघा. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, हंगामात उसाचं पाचट आणि धूळ रस्त्यावर उडत असते. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत ते गादीसारखं बसतं, बाहेरून दिसतही नाही. आतल्या बाजूने बाहेर, हलक्या दाबाने पाणी मारा. वॉशिंगच्या मशिनचा पूर्ण जोर दिलात तर पातळ फिन्स आडव्या होतील.

रेडिएटरची कॅपही तपासा. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. पंखा, मोटार, रिले सगळं ठीक आणि गाडी मात्र बाहेर पाणी फेकते, अशा वेळी ही छोटी वस्तू दोषी निघू शकते. बोअरचं पाणी टाकणाऱ्यांना सांगा की त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत घरच्या गिझरसारखा बसतो.

पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर यांचं वेगळं आहे. तिथे अनेकदा पट्ट्यावर चालणारा पंखा असतो, काहींना मध्ये व्हिस्कस क्लच. इंजिन गरम करून बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. जडपणा जाणवला पाहिजे. भोवऱ्यासारखा सुटला तर क्लचमधलं सिलिकॉन ऑइल गेलंय. यावर वेगळा धडा करू.

'डायरेक्ट करून देऊ का?'

आता धंद्यातला कळीचा प्रश्न. गिऱ्हाईक घाईत आहे, रात्रीचे नऊ वाजलेत, हैदराबादला जायचंय. रिले मिळत नाही. मेकॅनिक म्हणतो, "पंखा डायरेक्ट करून देतो, डॅशबोर्डला एक बटण लावतो." शंभर-दोनशे रुपये, दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश.

मी याच्या विरोधात आहे, आणि का ते सांगतो. पंधरा-वीस अँपिअरचा करंट त्या बारीक वायरमधून आणि घरगुती बटणातून सोडला की तीच सोल्डरिंग इस्त्री आता डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिक आणि स्पंजच्या शेजारी. दुसरं, बटण लावायला माणूस विसरतो. गाडी बायको चालवते, मुलगा चालवतो, त्यांना बटणाचं माहीतच नसतं. तिसरं, मूळ दोष तसाच राहतो. दोन महिन्यांनी हेड गेलं की तुमचं नाव निघतं.

पण कोणी खरंच रस्त्यात अडकलंय, लहान मुलं बरोबर आहेत, तेव्हा? मग रिले वापरून, योग्य फ्यूज आणि जाड वायर घालून तात्पुरती जोडणी द्या. बिलावर ठळक लिहा: "तात्पुरती जोडणी, घरी पोचल्यावर मूळ दुरुस्ती आवश्यक." मालकाला वाचून दाखवा, सही घ्या. असं लिहून देणारा इलेक्ट्रिशियन लोकांच्या लक्षात राहतो.

तपासणीचे पैसे कसे मागायचे

त्या अर्थिंगवाल्या मुलाकडे परत येऊ. पार्ट लागला नाही, म्हणून त्याने पन्नास रुपये घेतले. मागच्या दोन दुकानांनी हजारो घेतले आणि काम झालं नाही. जो बरोबर होता त्याला सगळ्यात कमी मिळालं! आपल्या लाइनमध्ये ही सवय पडलीय: पैसे पार्टच्या मार्जिनमधून काढायचे, मजुरी नावापुरती. त्यामुळे प्रामाणिक माणसालाही पार्ट बदलायचा मोह होतो.

म्हणून तपासणीचा दर वेगळा ठेवा आणि दुकानात पाटीवर लिहा. समजा तीनशे रुपये ठेवलात. गाडी आत घेण्याआधी सांगायचं, "अण्णा, आधी दोष शोधतो, त्याचे तीनशे. काम माझ्याकडेच केलंत तर मजुरीत वळते करीन. नाही केलंत तर लिहून देतो काय झालंय ते, कुठेही करून घ्या." दिवसाला अशा दोनच तपासण्या झाल्या आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर पंधरा हजार होतात. यात पार्ट विकत आणून ठेवायचं भांडवल अडकलेलं नाही, उधारी नाही. एखादा म्हणेल, "नुसतं बघायचे तीनशे?" वाद घालू नका. लोड बल्ब लावून दाखवा, मीटरचा आकडा दाखवा, त्याचा फोटो त्याच्याच मोबाइलमध्ये काढून द्या. डोळ्याने बघितलेल्या गोष्टीचे पैसे माणूस देतो. जुना पार्ट निघाला तर तो पिशवीत घालून परत द्या, मागितला नाही तरी.

सुरुवातीला लागतं ते इतकंच: बरा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, घरी केलेला लोड बल्ब, फ्यूज लावलेल्या जाड जंपर वायर, मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर, इन्फ्रारेड थर्मामीटर. स्टॉकमध्ये चार-पाच प्रकारचे फ्यूज, दोन-तीन प्रचलित रिले, पंख्याचे कपलर आणि स्लीव्ह. पंख्याच्या मोटारी भरून ठेवू नका. मॉडेल पन्नास, तुमचं भांडवल एक. ऑर्डर पक्की झाली की मागवा. आणि हो, उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, ती करून देण्याच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

गाडी देण्याआधी इंजिन गरम होऊ द्या आणि पंखा किमान दोन वेळा आपोआप सुरू होऊन आपोआप बंद झालेला स्वतः बघा. एकदा एसीशिवाय, एकदा एसी लावून. उन्हाळ्यात दुपारी बघितलंत तर उत्तम. बिलावर तीन आकडे लिहा: कितीला पंखा लागला, कितीला बंद झाला, आणि चालू असताना कपलरवर किती व्होल्ट होते. दोन दिवसांनी फोन करा.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःची किंवा शेजाऱ्याची चालू स्थितीतली गाडी घ्या, दोष असलेली नको. तिचे हेच तीन आकडे वहीत लिहा, शिवाय प्लसचा आणि मायनसचा फरक. अशा पाच वेगवेगळ्या गाड्यांचे आकडे जमवून ठेवा. पुढच्या धड्यात बिघडलेल्या गाडीचे आकडे देणार आहे, ते या वहीशी ताडून बघायचे आहेत.